स्पेकल्ड बँड, द

ब्रिटिश लेखक सर आर्थर कॉनन डॉयल (१८५९–१९३०) यांची शेरलॉक होम्स या गुप्तहेरावरील एक विख्यात कथा. ‘द ॲडव्हेंचर ऑफ द स्पेकल्ड बँड’ हे तिचे पूर्ण शीर्षक. लंडनच्या द स्ट्रँड मॅगझीन या मासिकाच्या फेब्रुवारी १८९२ च्या अंकात ती प्रथम प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी द ॲडव्हेंचर्स ऑफ शेरलॉक होम्स या बारा कथांच्या संग्रहात आठवी कथा म्हणून समाविष्ट झाली. होम्सविषयीच्या एकूण ५६ कथा व ४ कादंबऱ्या यांमध्ये वाचकांच्या पसंतीस अग्रभागी राहिलेली ही कथा शास्त्रीय दृष्ट्या मात्र अत्यंत सदोष मानली जाते. ही दोन मते एकाच कृतीविषयी इतका दीर्घ काळ शेजारी शेजारी कशी नांदली, हा गुप्तहेरकथेच्या आस्वादासंबंधीचा एक मूलभूत प्रश्न आहे. कथेतील मृत्यूचे साधन भारतातून गेलेले असल्यामुळे मराठी वाचकाच्या दृष्टीने, विशेषतः सापांच्या नित्य सहवासात राहणाऱ्या कोकणपट्टीतील वाचकाच्या दृष्टीने, या प्रश्नाला वेगळे महत्त्व प्राप्त होते.

कथानक : कथेतील घटना एप्रिल १८८३ मधील आहेत. हेलन स्टोनर ही तरुणी पहाटे होम्सकडे येते. तिचा सावत्र बाप डॉ. ग्रिम्सबी रॉयलॉट हा सरे परगण्यातील स्टोक मोरन येथील एका खालावलेल्या सरदार घराण्याचा शेवटचा वंशज. कलकत्त्यास वैद्यकी करीत असताना त्याने संतापाच्या भरात आपल्या एतद्देशीय खानसाम्याला मारून ठार केले होते. फाशीच्या शिक्षेतून तो थोडक्यात वाचला आणि दीर्घ कारावास भोगून मायदेशी परतला. हेलनच्या आईने ठेवलेल्या संपत्तीचे वार्षिक उत्पन्न पूर्वी ११०० पौंडांच्या आसपास होते. ते शेतमालाच्या मंदीमुळे ७५० पौंडांवर आले आहे, आणि दोघी मुलींपैकी प्रत्येकीला विवाहानंतर त्यातून २५० पौंड द्यावयाचे आहेत. दोन वर्षांपूर्वी हेलनची जुळी बहीण जूलिआ विवाहाच्या तोंडावर, आतून बंद असलेल्या खोलीत, ‘ठिपकेदार बँड’ असे काही तरी उच्चारीत मरण पावलेली असते. आता हेलनचा विवाह ठरला आहे आणि दुरुस्तीच्या निमित्ताने तिला बहिणीच्याच खोलीत झोपावे लागत आहे. जूलिआने मृत्यूपूर्वी सांगितलेली मंद शीळ तिलाही रात्री ऐकू आली आहे.

होम्स खोलीची पाहणी करतो. पलंग जमिनीला जखडलेला आहे. उशीवर लोंबणारी घंटेची दोरी कोणत्याही घंटेला जोडलेली नाही. झरोका बाहेर उघडण्याऐवजी डॉक्टरच्या खोलीत उघडतो. डॉक्टरच्या खोलीत लोखंडी तिजोरी, तिच्यावर दुधाची बशी आणि फास घातलेला एक चाबूक आढळतो. त्या रात्री होम्स व वॉटसन हेलनच्या खोलीत अंधारात दबा धरून बसतात. झरोक्यातून दोरीवरून उतरणाऱ्या सापाला होम्स छडीने मारून परतवितो आणि चवताळलेला साप धन्यालाच दंश करतो. डॉक्टरच्या कपाळाभोवती पिवळ्या रंगाचा, तपकिरी ठिपक्यांचा पट्टा गुंडाळलेला दिसतो, तोच ‘ठिपकेदार बँड’. हा भारतातील सर्वांत विषारी साप असून त्याच्या दंशाने दहा सेकंदांत मृत्यू आला, असे होम्स सांगतो.

स्वरूप व पूर्वपीठिका : बंद खोलीतील अनाकलनीय मृत्यू हे कथासूत्र डॉयल यांनी निर्माण केलेले नाही. अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो यांनी १८४१ मध्ये ‘द मर्डर्स इन द रू मॉर्ग’ या कथेत ते हाताळले होते, आणि तेथेही दूरदेशाहून आणलेला प्राणीच मृत्यूस कारणीभूत होता. डॉयल यांचे वैशिष्ट्य असे, की या प्राण्यामागे त्यांनी थंड डोक्याचा, हिशेबी माणूस उभा केला. गुन्ह्याचा हेतू वर्षासनाच्या आकड्यांतून स्पष्ट होतो व त्याची पद्धती खोलीतील सामानसुमानातून. निरुपयोगी दोरी, निरुपयोगी झरोका व न हलणारा पलंग या तीन विसंगती वाचकाच्या डोळ्यांसमोर उघड मांडलेल्या आहेत. त्यांचा परस्परसंबंध जोडणे एवढेच काम उरते, आणि ते होम्स वाचकाच्या आधी करतो. बागेत मुक्त फिरणारा चित्ता, बबून माकड आणि आवारात तळ ठोकलेली जिप्सींची टोळी या गोष्टी वाचकाला आडवाटेला नेण्यासाठी योजिलेल्या आहेत. ‘बँड’ म्हणजे टोळी असा समज करून घेऊन आरंभी आपणही चुकीच्या मार्गाने गेलो, हे होम्स अखेरीस मान्य करतो.

वाचकांचा कौल : जानेवारी १८९१ मध्ये निघालेल्या स्ट्रँड मासिकात त्याच वर्षीच्या जुलैपासून होम्सकथा येऊ लागल्या. क्रमशः चालणाऱ्या कादंबरीऐवजी प्रत्येक अंकात नायक तोच, पण कथा स्वयंपूर्ण, ही योजना रेल्वेने प्रवास करणाऱ्या नव्या मध्यमवर्गीय वाचकाला मानवली. लेखकाच्या इच्छेवर वाचकमत किती प्रभावी ठरू शकते, याचे उदाहरण याच मालिकेने घालून दिले. डिसेंबर १८९३ मधील कथेत डॉयल यांनी होम्सचा अंत घडविला, तेव्हा वीस हजारांहून अधिक वर्गणीदारांनी मासिक बंद केले असे सांगितले जाते. १९०३ मध्ये डॉयल यांना आपल्या नायकाला पुन्हा जिवंत करावे लागले.

‘स्पेकल्ड बँड’च्या लोकप्रियतेचा लेखी पुरावा १९२७ मधील स्पर्धेत सापडतो. स्ट्रँडने त्या वर्षी, तोवर ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या होम्सकथांपैकी उत्कृष्ट बारा कथा निवडण्याचे आवाहन वाचकांना केले. डॉयल यांनी स्वतःची यादी आधीच तयार करून ठेवली होती आणि तिच्याशी अधिकाधिक जुळणाऱ्या यादीला बक्षीस होते. त्यांच्या यादीत पहिला क्रमांक ‘द स्पेकल्ड बँड’ला होता; त्याखाली ‘द रेड-हेडेड लीग’, ‘द डान्सिंग मेन’, ‘द फायनल प्रॉब्लेम’ व ‘अ स्कँडल इन बोहीमिया’ या कथा होत्या. सापाची ही भीषण कथा प्रत्येकाच्या यादीत असणारच, अशी त्यांची खात्री होती. पुढील काळात होम्सप्रेमी मंडळांनी वेळोवेळी घेतलेल्या मतदानांतही ही कथा वरच्या स्थानांवर राहिली आहे.

रंगभूमीवर मात्र या कथेला निराळ्या प्रकारच्या वाचकमताशी गाठ पडली. ४ जून १९१० रोजी लंडनच्या ॲडेल्फी थिएटरमध्ये डॉयल यांनी स्वतः केलेल्या नाट्यरूपांतराचा पहिला प्रयोग झाला. एच. ए. सेंट्सबरी हे होम्सच्या व लिन हार्डिंग हे दुष्ट डॉक्टरच्या भूमिकेत होते. प्रयोगासाठी एक जिवंत अजगरवर्गीय साप आणण्यात आला होता. एका समीक्षकाने नेमका त्यालाच उघडउघड कृत्रिम ठरविले, अशी हकिकत डॉयल यांनी आपल्या आत्मचरित्रात (१९२४) नमूद केली आहे. कागदावरचा अशक्य साप वाचकांना खरा वाटला आणि रंगमंचावरचा खरा साप खोटा ठरला. कलाकृतीतील सत्याभास हा वस्तूच्या खरेपणावर अवलंबून नसून तिच्या मांडणीवर अवलंबून असतो, याचे इतके सुटसुटीत उदाहरण क्वचितच मिळेल.

शास्त्रीय आक्षेप : कथेत ‘स्वॉम्प ॲडर’ म्हणजे दलदलीतील विषारी साप असे नाव आले आहे, या नावाचा साप भारतात नाही. वर्णनातील फुगलेली मान नागाची, तर बुटके, शंकरपाळ्याच्या आकाराचे डोके घोणशीच्या जातीचे वाटते. सापांना बाह्यकर्ण व कर्णपटल नसते. जमिनीतून येणारी कंपने त्यांना प्रामुख्याने जाणवतात. ऑस्ट्रेलियात झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत काही साप हवेतून येणाऱ्या ध्वनींनाही प्रतिसाद देतात असे आढळले. तथापि शीळ ऐकून परत येण्याइतकी शिकवण त्यांना देता येते, असा पुरावा नाही. दूध हे सापाचे अन्न नव्हे. मोकळी लोंबती दोरी चढून जाणे जाड अंगाच्या घोणशीसारख्या सापास साधणारे नाही. कोणत्याही सर्पविषाने दहा सेकंदांत मृत्यू येत नाही. नागाच्या दंशानंतर अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत, तर घोणशीच्या दंशानंतर काही तासांपासून काही दिवसांपर्यंतचा अवधी जातो. बबून हे आफ्रिका व नैर्ऋत्य अरबस्तान या प्रदेशांतील माकड असून ते भारतातून पाठविले जाणे असंभवनीय आहे. चित्ता मात्र त्या काळी भारतात होता. १९५२ मध्ये तो देशातून नामशेष झाल्याचे जाहीर करण्यात आले, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आणलेले आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे सोडण्यात आले.

हे दोष दाखविण्याचाच पुढे एक वाङ्मयीन खेळ झाला. रॉनल्ड नॉक्स यांनी १९११ मध्ये होम्सकथांची धर्मग्रंथासारखी गंभीर चिकित्सा करणारा एक विनोदी निबंध वाचला आणि तेव्हापासून होम्सला ऐतिहासिक व्यक्ती मानून कथांतील विसंगतींची ‘उपपत्ती’ लावण्याची प्रथा पडली. अमेरिकन सर्पशास्त्रज्ञ लॉरेन्स क्लाउबर यांनी १९४८ मध्ये, हा प्राणी नाग व विषारी सरडा यांच्या संकरातून निपजला असावा, असा मिस्किल निष्कर्ष मांडला. याच नॉक्स यांनी १९२९ मध्ये गुप्तहेरकथेचे दहा नियम सांगितले, त्यांत अज्ञात विषाचा उपयोग निषिद्ध ठरविला आहे. रासायनिक परीक्षेत न सापडणारे विष वापरणारी ‘स्पेकल्ड बँड’ ही कथा त्या कसोटीस उतरत नाही. नियम मोडणारी कथा पहिल्या क्रमांकावर राहावी, यावरून नियम हे टीकाकारांचे आणि कौल हा वाचकांचा, एवढे तरी स्पष्ट होते.

मराठी वाचक : इंग्रजी शिक्षणाबरोबर होम्स महाराष्ट्रात आला. मूळ इंग्रजी वाचणाऱ्यांपुरता तो मर्यादित राहिला नाही. भालबा केळकर यांच्यासारख्यांच्या अनुवादांमुळे तो शालेय वयाच्या वाचकांपर्यंत पोहोचला. मराठी रहस्यकथेला व्यापक वाचकवर्ग मिळवून दिला तो बाबूराव अर्नाळकर (१९०६–९६) यांनी. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे मूळ नाव. त्यांच्या हजारांहून अधिक रहस्यकथांतील झुंझार, काळापहाड आणि धनंजय–छोटू ही पात्रे घराघरांत परिचित होती. धनंजय व छोटू या जोडीत होम्स व वॉटसन यांच्या जोडीची छाया सहज जाणवते. त्यांच्या टोपणनावात ज्या अर्नाळ्याचे नाव आहे, ते वसई तालुक्यातील किनारी गाव असून कळंब हे त्याच्या दक्षिणेकडील, त्याच किनाऱ्यावरचे गाव होय. १८९३ मध्ये ठाणे येथे व १८९८ मध्ये मुंबई येथे स्थापन झालेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयांप्रमाणेच, गल्लोगल्लीच्या भाडोत्री वाचनालयांनी हे वाङ्मय वाचकांच्या हाती दिले. टीकाकारांनी त्याची दखल फारशी घेतली नाही. वाचकांचा कौल पुस्तकाच्या फाटलेल्या कडांवरून वाचावा लागे.

‘स्पेकल्ड बँड’चा मराठी अनुवाद करू पाहणाऱ्यास पहिली अडचण शीर्षकातच येते. इंग्रजी ‘बँड’ या शब्दाचे टोळी व पट्टी असे दोन अर्थ असून सारे रहस्य त्या श्लेषावर उभे आहे. मराठीत ‘टोळी’ म्हणावे तर साप निसटतो आणि ‘पट्टा’ म्हणावे तर जिप्सी निसटतात. ‘बँड’ हा शब्द तसाच ठेवावा तर मराठी कानाला प्रथम लग्नातील वाजंत्री आठवते. अनुवादापेक्षा रूपांतर केल्यास मात्र मराठी भाषेजवळ एक अनपेक्षित शब्द आहे. ‘पट्टेवाला’ म्हणजे कचेरीतील शिपाई आणि पट्टेवाला म्हणजे अंगावर पट्टे असलेला. मरणोन्मुख मुलीच्या तोंडी हा शब्द घातल्यास संशय निरपराध शिपायावर जाईल आणि खरा अपराधी काळ्या अंगावर पांढरे पट्टे असलेला मण्यार ठरेल. अशा रूपांतराने कथेतील शास्त्रीय दोषही बव्हंशी दूर होतात. मण्यार हा निशाचर असून तो घरात शिरून निजलेल्या माणसास दंश करतो. दंशाची वेदना व सूज फारशी नसते, खुणा सहसा दिसत नाहीत आणि काही तासांनी श्वसनाचे स्नायू लुळे पडून मृत्यू येतो. डॉयल यांना हवा असलेला साप भारतात खरोखरच होता. त्यांनी त्याच्याऐवजी काल्पनिक साप निर्माण केला.

कळंबसारख्या गावात भातखाचरे, बागायती वाड्या व विहिरी यांच्या आधाराने राहणाऱ्या वाचकाला नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार विषारी सापांची नावे पुस्तकातून शिकावी लागत नाहीत. दहा सेकंदांत येणारा मृत्यू त्याला पटणार नाही. परंतु दुधाची बशी त्याला खटकेलच असे नाही. नागपंचमीस नागाला दूध दाखविण्याची रूढी महाराष्ट्रभर आहे. धामण गाईचे दूध पिते ही समजूतही जुनी आहे. गारुड्याच्या पुंगीवर डोलणारा नाग पाहिलेल्याला शिळेवर परतणारा साप फारसा अशक्य वाटत नाही. वास्तविक नाग पुंगीच्या सुरावर डोलत नसून तिच्या हालचालीकडे लक्ष ठेवीत असतो. अशा रीतीने लंडनच्या लेखकाची चूक व मराठी घरातील समजूत येथे एकमेकींना भेटतात. इंग्रज वाचकाने हिंदुस्थान हा अज्ञात विषांचा देश आहे, या आपल्या समजुतीमुळे कथा स्वीकारली. मराठी वाचक ती आपल्या समजुतींमुळे स्वीकारतो. कथेतील चूक वाचकाला बोचते ती त्याच्या ज्ञानाला भिडली तर. त्याच्या समजुतीला भिडली तर ती खरी वाटते.

या समजुतींची किंमत वास्तवात मोठी आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लक्ष, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे मृत्यू पावली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. कथेच्या काळी प्रतिविष उपलब्ध नव्हते. फ्रेंच शास्त्रज्ञ आल्बेर काल्मेत यांनी नागाच्या विषावरील लस १८९४–९५ च्या सुमारास तयार केली. मुंबईतील परळ येथे १८९९ मध्ये सुरू झालेली व १९२५ पासून हाफकिन यांच्या नावाने ओळखली जाणारी संस्था प्रतिविषाच्या निर्मितीशी दीर्घकाळ निगडित राहिली. दंशाने क्षणात मृत्यू येतो हा कथेचा गृहीत सिद्धांत खरा मानला, तर रुग्णालयाची वाट धरण्यात अर्थ उरत नाही. प्रत्यक्षात मिळणारे ते काही तासच जीव वाचविणारे असतात. या एका मुद्द्यापुरते कथेचे शास्त्र तपासणे हा केवळ पांडित्याचा खेळ राहत नाही.

अनुत्तरित गुन्हा : भारतीय वाचकाच्या नजरेतून सुटू नये असा आणखी एक मृत्यू या कथेत आहे. कलकत्त्याच्या खानसाम्याला कथेत नाव नाही. त्याचा खून रॉयलॉटच्या तापट स्वभावाचा दाखला म्हणून येतो आणि पुढे जातो. शोध घेतला जातो तो इंग्लंडमधील वर्षासनाचा. कथेतील घटना ज्या १८८३ मध्ये घडतात, त्याच वर्षी फेब्रुवारीत भारतात इल्बर्ट विधेयक मांडले गेले. मोफसलातील भारतीय न्यायाधिकाऱ्यांना यूरोपीय आरोपींचे खटले चालविण्याचा अधिकार त्याने मिळावयाचा होता. यूरोपीय समाजाने त्याविरुद्ध उग्र चळवळ केली आणि जानेवारी १८८४ मध्ये, निम्मे सदस्य यूरोपीय वा अमेरिकन असलेली ज्यूरी मागण्याचा हक्क आरोपीस देऊन, तडजोडीने कायदा संमत झाला. या पार्श्वभूमीवर रॉयलॉटला झालेला दीर्घ कारावास हा कथेतील बबूनइतकाच अपवादात्मक वाटण्याचा संभव आहे. होम्सकथांत भारत वारंवार येतो. वॉटसन प्रथम मुंबईच्या बंदरात उतरतो आणि १८८० च्या मैवंदच्या लढाईत जखमी होतो. द साइन ऑफ फोर या कादंबरीचा उगम १८५७ च्या आग्ऱ्यात आहे. संपत्ती, विष व सूड यांचे उगमस्थान म्हणून भारत या कथांत उपस्थित असतो. न्याय मागणारी व्यक्ती म्हणून भारतीय माणूस मात्र क्वचितच दिसतो.

मूल्यमापन : ‘द स्पेकल्ड बँड’ची लोकप्रियता तिच्यातील अज्ञानावर उभी आहे असे म्हणणे न्याय्य होणार नाही. साप बदलून त्या जागी मण्यार ठेवला, शीळ काढून टाकली, दुधाची बशी उचलली, तरी दोरी, झरोका व पलंग यांची संगती अभंग राहते. हेतू व साधन यांचा मेळ तसाच बसतो, आणि पालनकर्त्यानेच घराच्या भिंतीतून मृत्यू आत सोडावा ही भीतीही तशीच राहते. सावत्र मुलीच्या वाट्याची संपत्ती, तिच्या विवाहाला होणारा अडथळा व घरातल्या माणसाचाच धाक या गोष्टी मराठी वाचकाला सरे परगण्यात जाऊन समजून घ्याव्या लागत नाहीत. वाचकांनी पहिला क्रमांक दिला तो या भयाच्या खरेपणाला. सर्पशास्त्रज्ञांनी गुण कापले ते तपशिलाच्या खोटेपणाबद्दल. दोन्ही निर्णय आपापल्या क्षेत्रात योग्य आहेत. कथेचा पुरता आस्वाद त्यालाच घेता येतो, जो अंधारात शीळ ऐकून श्वास रोखतो आणि पुस्तक मिटल्यावर बबून कोठून आला, हेही विचारतो. कलकत्त्याच्या त्या निनावी खानसाम्याविषयीचा प्रश्न मात्र होम्सने विचारलेला नाही. तो वाचकाकडेच राहतो.